क्षेत्रसभा भरवा, नाहीतर खुर्ची सोडा!

महाराष्ट्राच्या शहरांत राहणाऱ्या नागरिकाला आपल्या प्रभागाच्या कारभाराविषयी चारचौघांसमोर उभे राहून बोलण्याची, जाब विचारण्याची, ठराव मांडण्याची जागा, म्हणजे क्षेत्रसभा, कायद्याने दिली आहे. ती जागा त्याच्यापासून हिरावली गेली आहे. हा कायदा झाला त्या २००९ सालापासून आजपर्यंत मंत्रालयात ज्यांनी ज्यांनी सत्ता भोगली आणि महापालिकांत ज्यांनी ज्यांनी नगरसेवक म्हणून मिरवले, ते सारे या अपहाराचे भागीदार आहेत, हे आम्ही कोणाचीही भीडभाड न ठेवता सांगतो. काँग्रेस-राष्ट्रवादी येऊन गेले, भाजप-शिवसेना आले, महाविकास आघाडी आली, महायुती आली. एकमेकांचे निर्णय फिरवण्यात यांनी कधी आळस केला नाही. पण शहरातल्या माणसाला सभा मिळू द्यायची नाही, या एका गोष्टीवर या सर्वांचे बिनबोभाट एकमत झाले!

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. गुलाल उधळला गेला, महापौर बसले, समित्यांचे वाटप झाले. पण हे मतदान कशानंतर झाले, हे विसरू देण्याचा जो घाट घातला जात आहे, तो आम्ही चालू देणार नाही. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली होती. मुंबई आणि पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. इथे चार-चार, पाच-पाच वर्षे निवडणूक झाली नाही. प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा, सत्ताबदलागणिक नियम बदलले. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न वेळेत आणि नीट सोडवण्याऐवजी तो कोर्टाच्या तारखांवर टांगून ठेवला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले. तरीही मुदतवाढ मागितली गेली, आणि अखेर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख न्यायालयाला आखून द्यावी लागली. लोकांना मत देण्याचा हक्कसुद्धा ज्यांच्याकडून कोर्टाच्या दट्ट्याने वसूल करावा लागतो, ते आपण होऊन लोकांना सभेत बोलावतील, हा भाबडेपणा आता कोणी करू नये.

निवडणुकीविनाच्या या काळात काय झाले ते नीट आठवा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. तो प्रशासनाने मांडला आणि प्रशासकाने मंजूर केला. प्रशासक म्हणजे कोण, तर स्वतः आयुक्तच. खर्च सुचवणारा तोच, तपासणारा तोच, मंजुरीची सही करणारा तोच. लागोपाठ तीन वर्षे हा प्रकार चालला. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, विरोधी पक्षनेता नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या तिजोरीवर एकाही निवडून आलेल्या माणसाची नजर नाही. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणापासून मोठमोठ्या प्रकल्पांपर्यंत हजारो कोटींचे निर्णय अशा बंद खोलीत झाले. हा कारभार प्रामाणिक होता की नव्हता, हा प्रश्नच नंतरचा आहे. लोकांच्या पैशांचा निर्णय लोकांच्या पाठीमागे घेणे हाच मुळात गुन्हा आहे.

याची किंमत कोणी मोजली? पुण्याच्या हद्दीवरच्या गावांना विचारा. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे ही त्यांतली काही. समावेश झाला त्या दिवशी ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला आणि ग्रामसभाही गेली. बदल्यात काय मिळाले? नगरसेवक मिळाला नाही, कारण निवडणूकच झाली नाही. विकास आराखड्याचे काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए), करवसुली महापालिकेकडे. पाणी कोणाला मागायचे, हे सांगायला मात्र कोणी नाही. साडेचार वर्षे या गावांतल्या लाखो लोकांना आपला म्हणून एकही लोकप्रतिनिधी महापालिकेत नव्हता आणि गावात बसून बोलायला सभाही नव्हती. पेशवाईतल्या पाटलालाही गावकीसमोर उभे राहावे लागे. एकविसाव्या शतकातल्या पुण्याने आपल्या नव्या नागरिकांना तेवढेही दिले नाही!

आणि मग जानेवारी २०२५ उजाडला. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागले. पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, माणसे दगावली. तपासाचा रोख पाण्याकडे वळला. तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले की नांदेड गावातल्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्राशिवाय, नुसते जंतुनाशक टाकून घराघरांत पोहोचवले जात होते. समाविष्ट गावांतल्या बायाबापड्यांना हे आधीपासून माहीत होते. त्यांच्या हंड्यात तेच पाणी येत होते. त्या कुठे सांगणार होत्या? कोणत्या सभेत ठराव करणार होत्या? कोणत्या इतिवृत्तात त्यांचे म्हणणे नोंदले जाणार होते? ग्रामसभा जिवंत असती तर पाण्याचा विषय प्रत्येक बैठकीत निघाला असता आणि दर वेळी कोणालातरी उत्तर द्यावे लागले असते. शहरात लोकांना बोलायची जागा नसेल, तर माणसांच्या अंगावर आजार उमटल्यावरच प्रशासनाला जाग येते. याहून भयंकर अशी कोणती साक्ष हवी आहे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९३ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. ७३व्या दुरुस्तीने खेड्याला ग्रामसभा दिली. तिचे नाव थेट संविधानात, अनुच्छेद २४३-ए मध्ये कोरले. ७४व्या दुरुस्तीने शहराला मात्र तशी सभा दिली नाही. तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समिती दिली, आणि तिची रचना राज्यांच्या मर्जीवर सोडली. म्हणजे हजार मतदारांच्या खेड्यातल्या शेतमजुराला संविधानाने सभेचा सदस्य केले आणि लाखाच्या प्रभागातल्या कामगाराला, शिक्षकाला, रिक्षावाल्याला नुसता मतदार म्हणून ठेवले. पाच वर्षांतून एकदा बटण दाबा आणि घरी जा!

ही उणीव भरून काढण्याची संधी आली होती. केंद्राने २००५ च्या डिसेंबरात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट घातली. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. लगतच्या काही मतदान केंद्रांवरच्या मतदारांची एक सभा. त्या मतदारयादीतला प्रत्येक माणूस तिचा सदस्य. नगरसेवक तिचा अध्यक्ष. आपल्या भागात कोणती कामे हवीत, कोणती आधी हवीत, पाणी-दिवे-स्वच्छता कुठे तुंबली आहे, हे या सभेने ठरवायचे आणि सांगायचे. निधी आला. बसगाड्या आल्या, उड्डाणपूल झाले, जलवाहिन्या टाकल्या गेल्या. क्षेत्रसभा मात्र कागदावरच राहिली. लोकसहभागाच्या नावाने दिल्लीतून पैसा आणायचा आणि लोकांनाच दाराबाहेर ठेवायचे, याला आमच्या भाषेत फसवणूक म्हणतात, आणि आम्ही तोच शब्द वापरणार!

प्रभाग समित्यांची कथाही वेगळी नाही. नागरी संस्थांचे काम करणारी तीन माणसे या समित्यांवर घ्यावीत, असे कायदा म्हणतो. हेतू स्वच्छ होता. वस्तीत काम करणारी, पक्षाच्या पट्ट्याबाहेरची माणसे आत यावीत. पण नावे सुचवणार कोण, तर नगरसेवकच. मग निवडणुकीत पडलेले, तिकीट न मिळालेले, रुसलेले कार्यकर्ते एखाद्या संस्थेचे लेटरहेड मिरवत स्वीकृत सदस्य होऊन आत शिरले. नागरिकांसाठी राखलेल्या खुर्च्याही पक्षांनी बळकावल्या.

उरते ती हरकती-सूचनांची सुनावणी. मुंबईतल्या आरेच्या जंगलात मेट्रो-३ च्या कारशेडसाठी अडीच हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा वा हलवण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये आला. ऐंशी हजारांहून अधिक नागरिकांनी हरकती नोंदवल्या. हा आकडा पुन्हा वाचा. एखाद्या छोट्या शहराच्या मतदारयादीएवढी माणसे लेखी म्हणतात, झाडे तोडू नका. ऑगस्टच्या अखेरीस वृक्ष प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री, अंधारात, पोलिसांचा वेढा घालून करवती चालवल्या गेल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. कारशेडची गरज होती की नव्हती, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण ऐंशी हजार हरकतींतल्या एकेका मुद्द्याला कारणांसह उत्तर देण्याची तसदी कोणी घेतली का? ज्यांचा निर्णय सच्चा असतो त्यांना रात्रीच्या अंधाराची गरज पडत नाही.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा घ्या. २०१३ मध्ये त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. शाळेचे आरक्षण का उठवले, बागेची जागा का गेली, टेकडीला हात का लावला, असे लोक कागदपत्रे घेऊन विचारत होते. नियोजन समितीपुढे सुनावण्या झाल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच आपल्या ताब्यात घेतला. मुंबईच्या विकास आराखड्याचे पहिले प्रारूप तर २०१५ मध्ये लोकांच्या प्रचंड संतापानंतर मागे घ्यावे लागले, इतक्या ढोबळ चुका त्यात होत्या. त्या चुका कोणी शोधल्या? नकाशे घेऊन गल्लोगल्ली फिरलेल्या नागरिकांनीच! शहर कोणाला कळते, या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षी मिळाले आहे. तरीही आजपर्यंत नागरिकाने हरकत लिहायची, ठरल्या दिवशी रजा टाकून यायचे, रांगेत ताटकळायचे, दोन-तीन मिनिटे बोलायचे आणि घरी जायचे, हाच शिरस्ता आहे. त्याच्या म्हणण्याचे पुढे काय झाले, ते मान्य झाले की नाही आणि का नाही, हे त्याला घरपोच कळवण्याची रीत नाही. उत्तराविना केलेल्या सुनावणीला सुनावणी म्हणणे बंद करा.

सभागृहातही वेगळे काय चालते? महत्त्वाचा विषय कार्यपत्रिकेवर आणायचाच नाही, तो ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून पुढे सरकवायचा, गोंधळात आवाजी मंजुरी घ्यायची आणि इतिवृत्तात ठराव अलगद बसवायचा, ही कला आपल्या महापालिकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. ज्या विषयाची नागरिकाला आधी माहितीच नाही, त्यावर तो हरकत कधी घेणार? कोट्यवधींच्या निविदा आणि आरक्षणातले बदल ऐनवेळी मांडणारा हात हा लोकांच्या खिशात शिरलेला हात आहे, असेच यापुढे समजले पाहिजे.

क्षेत्रसभेला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला पाठ आहे. ‘आम्ही निवडून आलो आहोत, मग पुन्हा सभा कशाला?’ असे ते म्हणतात. तुम्हाला मत मिळाले ते कारभार करण्यासाठी. लोकांचे तोंड पाच वर्षांसाठी शिवून टाकण्याचा अधिकार त्या मताने दिलेला नाही. ‘सभेत नुसता गोंधळ होतो,’ असे ते म्हणतात. ज्या सभागृहांत राजदंड पळवले जातात आणि कागद भिरकावले जातात, तिथल्या लोकांनी नागरिकांना शिस्त शिकवू नये. ‘लोकांना धोरण कळत नाही,’ असे अधिकारी खासगीत म्हणतात. पुणे महापालिकेने २००६ पासून अर्थसंकल्पात नागरिकांच्या सूचना घेतल्या. पदपथ, दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी साधी, नेमकी, रोजच्या जगण्यातली कामे लोकांनी सुचवली. ज्याला पावसात गुडघाभर पाण्यातून मुलाला शाळेत न्यावे लागते, त्याच्याइतके पर्जन्यवाहिनीचे धोरण कोणाला कळणार? ‘तक्रारीसाठी ॲप आहे, जनसंवाद आहे,’ असेही सांगतात. पिंपरी-चिंचवडमध्ये प्रशासकीय राजवटीत जनसंवाद सभा भरल्या, इतरत्रही असे उपक्रम झाले. त्यात प्रामाणिक अधिकारीही असतील. पण खड्डा बुजवण्याची विनंती करणे वेगळे आणि रस्त्यांवर किती खर्च करायचा हे ठरवणे वेगळे. पहिल्यात नागरिक अर्जदार असतो, दुसऱ्यात तो मालक असतो. त्याला कायम अर्जदार ठेवण्यातच यांचे हित गुंतले आहे.

चार-चार नगरसेवकांच्या प्रभागाची पद्धत याच हिताची दुसरी बाजू आहे. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागाला चार नगरसेवक. जाब कोणाला विचारायचा? एकाकडे गेलो की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. जबाबदारी चौघांत वाटली की ती कोणाचीच राहत नाही. म्हणूनच क्षेत्रसभा हवी, म्हणजे चौघेही एका वेळी, एका जागी, लोकांसमोर उभे राहतील.

ही मागणी परकी नाही, नवी नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या सदस्याला लोकांकडून मुखत्यारपत्र आणावे लागे. मी कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे आधी सिद्ध करा, मग बोला! इंग्रजांच्या राज्यात, मताचा हक्क नसलेल्या काळात, आपल्या माणसांनी प्रतिनिधित्वाची ही कसोटी लावली. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसे उधळण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ते एकटे विरोधात उभे राहिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. नगरसेवक कसा असावा याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला आहे.

आणि महाड विसरू नका. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव केला. तो ठराव दप्तरातच पडून होता. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन तो अमलात आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द करून टाकला! नगरपालिकेचा एक ठराव माणसाला माणूस म्हणून पाणी देऊ शकतो आणि एक ठराव ते पाणी हिसकावू शकतो, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून क्षेत्रसभा म्हणजे बड्या सोसायट्यांच्या चेअरमनांची बैठक होता कामा नये. झोपडपट्टीतली बाई, भाडेकरू, फेरीवाला, सफाई कामगार यांच्या आवाजाला तिथे तेवढेच वजन असले पाहिजे. फेरीवाल्यांना हटवण्याचा ठराव फेरीवाल्यांच्या गैरहजेरीत होणार असेल, तर ती सभा नव्हे, ती झुंडशाही ठरेल.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने केरळकडे पाहावे. तिथे १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली, राज्याच्या नियोजनाच्या निधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला गेला आणि तो खर्च ठरवताना लोकांच्या सभा भरल्या. फार लांब कशाला, आपल्या गडचिरोलीतले मेंढा-लेखा पाहा. त्या छोट्या आदिवासी गावाने एकमताने निर्णय घेणारी ग्रामसभा उभी केली, सामूहिक वनहक्क मिळवले आणि स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार सरकारला मान्य करायला लावला. गोंडी बोलणारे एक गाव जे करून दाखवते, ते मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकला जमत नाही, असे कोणत्या तोंडाने सांगणार आहात? मात्र ग्रामसभांचे दुखणेही आम्ही लपवणार नाही. गणपूर्ती नसली की सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून चार टाळक्यांत ठराव उरकायचे, ही चलाखी खेड्यांत सर्रास चालते. शहरात ती पळवाट पहिल्या दिवसापासून बुजवली पाहिजे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्य सरकारने क्षेत्रसभांच्या हद्दी आणि नियम तात्काळ जाहीर करावेत. सतरा वर्षांची टोलवाटोलवी पुरे झाली. वर्षातून किमान चार क्षेत्रसभा व्हाव्यात, त्यांतली एक अर्थसंकल्पापूर्वी, आणि त्या सभेत प्रभागाच्या खर्चाचा हिशेब पैशापैशाने मांडला जावा. तहकूब सभेलाही गणपूर्ती लागावी. प्रत्येक हरकतीला लेखी, कारणांसह उत्तर मिळाल्याशिवाय कोणताही आराखडा, आरक्षणबदल किंवा वृक्षतोड मंजूर होऊ नये. आर्थिक आणि जमिनीच्या विषयांना ‘ऐनवेळ’चे दार कायमचे बंद व्हावे. प्रभाग समितीवरचे नागरी सदस्य क्षेत्रसभेने निवडावेत. आणि यापुढे कोणतेही गाव शहरात घ्यायचे असेल, तर त्याची ग्रामसभा ज्या दिवशी संपते त्याच दिवशी तिथे क्षेत्रसभा सुरू झाली पाहिजे.

नव्या नगरसेवकांना आमचे एकच सांगणे आहे. आपल्या प्रभागातल्या मतदारांना चौकात बोलावून हिशेब द्यायला तुम्हाला कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहण्याची गरज नाही. मते मागायला तुम्ही घराघरांत गेलात तेव्हा कोणाचा शासन निर्णय खिशात होता? तसेच आता परत या. जो नगरसेवक येत्या अर्थसंकल्पाआधी लोकांसमोर उभा राहणार नाही, त्याला लोकांच्या वतीने सभागृहात हात वर करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

आणि नागरिकांनो, तुम्हालाही खडसावल्याशिवाय आम्ही राहणार नाही. हक्क कोणी ताटात वाढून देत नाही. क्षेत्रसभा का भरत नाही, असा लेखी प्रश्न आपल्या नगरसेवकाला, प्रभाग कार्यालयाला, आयुक्तांना करा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. उत्तर आले नाही तर वस्तीत, मंडळाच्या मांडवात, शाळेच्या पटांगणात, मंदिर-मशिदीच्या आवारात स्वतः सभा बोलवा, विषयपत्रिका लावा, इतिवृत्त लिहा, हजेरीच्या सह्या घ्या, ठराव करा आणि तो ठराव महापालिकेच्या आवक-जावक खिडकीवर शिक्का मारून दाखल करा. नगरसेवकाला निमंत्रण द्या आणि तो आला नाही तर गैरहजर म्हणून त्याचे नाव लिहा. प्रत्येक प्रभागातून असे शिक्क्याचे कागद जाऊ लागले की ते दाबून ठेवायला मंत्रालयाची कपाटे पुरणार नाहीत. मुदत संपलेल्या महापालिकांत निवडणूक घ्यायला यांना न्यायालयाने भाग पाडले. सभा भरवायला यांना लोकांनीच भाग पाडायचे आहे, आणि त्यासाठी पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबण्याचे कारण नाही!